शेगडीपुढची जागा

माझे भावोजी नाथान झिराडकर यांना हिवाळ्यात कधी ऊब मिळाली असेल असं मला वाटत नाही. तरुणपणी झिराड हे आपलं गाव सोडलं, त्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य अरादमध्ये गेलं. वाळवंटातलं गाव म्हटल्यावर तिथे उकडत असेल, असं लोकांना वाटतं. अशा लोकांना जानेवारीत तिथे एक रात्र मुक्कामाला न्यावं. भावोजी कामाला जायचे खाली मृत समुद्राच्या काठी, कारखान्यात. तिथे थंडीतही घाम फुटतो. संध्याकाळी बसने डोंगर चढून वर आले की दात वाजायला लागायचे. कान झाकणारी लोकरीची टोपी एकदा डोक्यावर चढली की ती थंडी सरल्यावर, पेसाखच्या सणालाच उतरायची.

ॲलिसताई, माझी थोरली बहीण, या माणसाशी लग्न करून मुंबईहून इथे आली. त्यांना सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. अशा इमारतीला इथे शिकून म्हणतात. ते घर इतकं फटींचं होतं की खिडकी बंद असतानाही पडदे हलायचे. तरी मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रार्थनेच्या दिवशी, पोह्याखोबऱ्याचं ताट मधोमध ठेवलं की भावोजी उठून एक खिडकी वीतभर उघडणारच. हा त्यांच्या वडिलांचा झिराडच्या घरातला रिवाज. एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, बोलवायचं आणि बाहेर ताटकळत ठेवायचं, हे त्यांना पटायचं नाही. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं. मी म्हणायची, तुमच्या भिंतींतून अख्खी वरात आत येईल, खिडकी कशाला हवी? ते हसायचे आणि उघडायचेच. मग ताई हळूच जाऊन ती लावून टाकायची.

दोन हजार दोन साली त्यांच्या मुलीने, गालीने, गावाच्या टोकाला घर बांधलं. जावई ओरी इमारतींच्या बांधकामावर देखरेख करतो. दुसऱ्यांची गळकी घरं पाहून पाहून तो इतका विटला होता की स्वतःच्या घरात त्याने वाऱ्याला बोट घालायलाही जागा ठेवली नाही. भिंतींच्या आत जाड थर, खिडक्यांना दुहेरी काचा, दारांना चहूबाजूंनी रबर. दार लावलं की कानांत दडे बसायचे. प्रत्येक खोलीला आपापली ऊब. खालची खोली ताई-भावोजींसाठी होती, कारण ताईच्या गुडघ्यांना तीन जिने आता झेपत नव्हते.

भावोजींनी घर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, विस्तव कुठे पेटवायचा? ओरी हिब्रूत म्हणाला, सबा, म्हणजे आजोबा, हे घर गरम करायला एक मेणबत्ती पुरे.

"मंग मेणबत्तीच्या भोवती बसू काय आम्ही सगळी?" भावोजी मराठीत म्हणाले.

ओरीला मराठी कळत नाही. गालीला कळतं, तिचा चेहरा पडला. भावोजींनी मला नंतर फोनवर उलगडून सांगितलं. झिराडच्या घरात एकच चूल होती आणि बाकी सगळं गार, म्हणून संध्याकाळ झाली की झाडून सगळी चुलीपाशी यायची. भांडलेलीसुद्धा. इथे प्रत्येक खोली गरम, म्हणजे नात कोरल तिच्या कॉम्प्युटरपुढे, गाली वर, ओरी त्याच्या नकाशांत, आणि हे दोघं खाली भिंतीकडे बघत. विस्तव नसेल तर शिकूनमधलं घर सोडणार नाय, त्यांनी ठणकावून सांगितलं. मी त्यांची एरवी भरपूर चेष्टा करते. त्या दिवशी मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

ताईच्या गुडघ्यांसाठी ओरी नमला. आम्ही सगळे जवळच्या मोठ्या शहरात, बेरशेव्याला, शेगड्यांच्या दुकानात गेलो. मी माझ्या गावाहून, रामल्याहून, मुद्दाम गेले, असा तमाशा कोण सोडणार? दुकानातल्या त्सिला नावाच्या बाईने आधी घराची चौकशी केली. इतकं बंदिस्त घर ऐकून तिने उघडी फायरप्लेस दाखवायलाच नकार दिला. ती घरातली सगळी हवा ओढून धुराड्यातून बाहेर टाकते, म्हणाली. मोठी ओतीव लोखंडाची शेगडी घेतली तर तुम्ही बनियनवर बसाल. तिने एक बेताची, काचेच्या दाराची शेगडी पुढे केली. तिला बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी होती.

भावोजींची निवडायची रीत वेगळी. त्यांनी कोपऱ्यातलं एक स्टूल ओढलं आणि प्रत्येक शेगडीपुढे मांडून बसून पाहिलं. मग आम्हालाही बसायला लावलं. ॲलिस इथे, गाली तिथे, आणि मला म्हणाले, मिली तू जरा सरक. एका शेगडीची काच अरुंद होती, कडेला बसलेल्याला जाळ दिसेना, ती बाद झाली. इतर गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. त्सिलाने मात्र सगळ्यांसाठी खुर्च्या आणून दिल्या. शेवटी तिचीच बेताची शेगडी पसंत पडली.

नळीवरून ओरी अडला. एवढी घट्ट भिंत बांधायची आणि तिला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं? ते त्याच्याच्याने होईना. नळीशिवाय चालेल का, त्याने विचारलं. त्सिला म्हणाली, चालेल, पण पेटवाल तेव्हा एक खिडकी किंचित उघडी ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि अरादला पोचेपर्यंत विसरले.

गृहप्रवेशाचा मलिदा गुरुवारी ठरला. संत्र्याच्या बागेतल्या वाळलेल्या लाकडांचं एक पोतं मी रामल्याहून नेलं. स्वयंपाकघरात पुऱ्या आणि कलेजी तळली जात होती. गालीने वास नको म्हणून गॅसवरचा, हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा पूर्ण वेगाने सोडला होता. बाहेर वारा सुटलेला, म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. भावोजींनी खोल्यांमधली ऊब बंद करायला लावली आणि शेगडी पेटवली. काचेआड जाळ धरला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि तेवढ्यात धूर वर जायचा सोडून खोलीत यायला लागला.

पाहुणे खोकत उठले. कोरल नाक धरून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ओरी म्हणाला, मी सांगत होतो, उद्या ही परत करतो. भावोजी ताईजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, मलिदा झाला की आपण आपल्या घरी जाऊ. ताईने गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

पण ताट मांडलेलं होतं, मलिदा तर व्हायलाच हवा. भावोजी सवयीने खिडकीपाशी गेले आणि त्यांनी ती वीतभर उघडली.

शेगडीत जाळ एकदम उभा राहिला. धूर मुकाट्याने धुराड्यात शिरला. सगळे काचेकडे बघत राहिले. पहिल्यांदा ओरी हसला. तो धावत गेला आणि त्याने खिडकी लावली. जाळ आडवा झाला. उघडली, पुन्हा उभा. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. गॅसवरचा पंखा घरातली हवा बाहेर ओढत होता, बंद घरात नवी हवा यायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून ती धुराड्यातून धूर घेऊन खाली येत होती. त्सिलाने हेच सांगितलं होतं, तो म्हणाला, आणि आपण सगळे माना डोलावत होतो. रविवारी नळीसाठी भिंतीला भोक पाडतो, असं त्याने आपणहून कबूल केलं. खिडकी तेवढी उघडी ठेवा हं, भावोजी म्हणाले.

मग एलियाहू हनाबीचं गाणं झालं, मलिदा वाटला गेला. खिडकीतून अरादचा तो वारा आत येत होता आणि घर हळूहळू गार पडत होतं. लोक ताटल्या घेऊन शेगडीकडे सरकायला लागले. ताईला जवळची खुर्ची मिळाली. ओरी आणि गाली जमिनीवर बसले. शेवटी कोरल गोधडी गुंडाळून बाहेर आली, माझी खोलीपण गारठली म्हणाली, आणि थेट आजीच्या पायाशी घुसली.

भावोजी कुठे दिसेनात. पाहिलं तर ते सगळ्यांच्या मागे, उघड्या खिडकीला पाठ लावून स्टुलावर बसले होते. टोपी कानांवर ओढलेली, हात काखेत.

"भावोजी, थंडी नाही वाजत?" मी विचारलं.

"वाजते तर," ते म्हणाले. "पन बघ ना मिली, तिथे बसायला जागाच नाय उरली."