पेटीमागची भिंत

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ताप नाही, दुखणं नाही. खोकला होता, पण तो कापसाच्या जिनात काम करणाऱ्या प्रत्येकालाच असायचा.

अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ते कापसाच्या गाठींवर मार्का मारायचे. पत्र्यात अक्षरं आणि आकडे कोरलेले असत. तो पत्रा गाठीवर दाबून धरायचा, वरून काळ्या शाईचा ब्रश ठोकत न्यायचा, की गाठ कुणाची आणि कितवी ते उमटलं. पत्रे बाबा स्वतः कोरायचे. "माह्या हातचा आकडा लांबून ओळखू येते," असं ते म्हणायचे आणि आम्ही त्यांना हसायचो. मग लागोपाठ दोन-तीन वर्षं कापूस बुडाला. जिनात गाड्या येईनाशा झाल्या, आणि एक दिवस मालकानं फाटकाला कुलूप लावलं.

आधी त्यांनी दुसरीकडे काम शोधलं. अमरावतीला जाऊन आले, बाळापूरला जाऊन आले. मग जाणं बंद केलं, मग दाढी करणं, मग बोलणं. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून त्यांची खाट आणि खाटेच्या पायथ्याशी, त्याच भिंतीला टेकून, आमची लोखंडी पेटी. ते भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहायचे.

त्या वर्षांत आमच्याकडे 'त्यानं घेतलं' एवढं म्हटलं तरी पुरायचं. काय घेतलं, हे कोणी विचारत नसे. आज भातकुलीकडचं कोणी, उद्या आणखी कुठलं. बाबा शेतकरी नव्हते, आमच्या नावावर कुंडीभर मातीसुद्धा नव्हती. पण गप्प झालेला पुरुष घरात असला की कसं वागायचं, हे बायका त्या वर्षांत शिकल्या होत्या. आईनं कोनाड्यातली उंदराच्या औषधाची पुडी कधीच फेकून दिली होती. शाळेत खिचडी शिजवायला जाताना ती मला बजावून जायची, "बाबाकडे ध्यान ठेव व." कशासाठी, ते तिच्या तोंडून निघायचं नाही. मी बारावीला होते, मला कळत होतं. मला भीती वाटायची आणि भीतीपेक्षा जास्त राग यायचा. आमच्याकडे पाठ करून हा माणूस त्या पोपडे धरलेल्या भिंतीशी एवढं काय बोलतो, असं वाटायचं.

भिंतीचं डोक्यात आलं ते या रागातून. मैत्रिणीकडच्या एका मासिकात घरच्या घरी खोली कशी सजवायची ते दिलं होतं: जाड कागदात फूल कापायचं, भिंतीवर धरायचं, वरून रंगाचा फवारा मारायचा. फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वेल चढली होती. म्हटलं, बाबांना भिंतच पाहायची आहे ना, मग निदान पाहण्याजोगी तरी करू. खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचतच नव्हतं. डॉक्टर झाले होते, अंगारा झाला होता, आईचं रडणं झालं होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे चाचा घरं रंगवायचे. त्यांनी डब्यांच्या तळाशी उरलेला लाल आणि हिरवा रंग दिला, थोडं टर्पेंटाइन दिलं. "ले बेटी, पण खिडकी खुली ठेव," म्हणाले. फूल मी बाबांच्याच छातीच्या एक्स-रेतून कापलं. ती फिल्म धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासली की काळं निघून जातं आणि खाली छान निळसर पारदर्शक पत्रा राहतो. जाड कागदापेक्षा टिकाऊ. राहिला फवारा. दुकानातला डबा परवडणारा नव्हता. पण मामाचा फवारणीचा छोटा हातपंप दुरुस्तीसाठी आमच्या मोरीत येऊन पडला होता. मी तो साबणानं तीनदा धुतला आणि नाकाशी धरून पाहिला. वास गेल्यासारखा वाटला. असल्या पंपात रंग भरायची अक्कल आमच्या मुलखातल्या माणसालाच सुचणार.

आई शाळेत गेल्यावर मी कामाला लागले. सगळी भिंत मोकळी करावी म्हणून पेटीच्या कडीला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"पेटी हलवू नको."

कित्येक दिवसांनी बाबा बोलले होते. ते बोलले याचाच मला एवढा आनंद झाला की का म्हणून विचारलंही नाही. बरं म्हटलं आणि पेटी सोडून दिली. खाट मात्र त्यांच्यासकट हातभर ओढली. शिंतोडे उडतील म्हणून त्यांच्या अंगावर जुनी चादर टाकली, तोंडावरूनही. त्यांनी ती बाजूला केली नाही.

पहिलं फूल बिघडलं. मधला गोल गळून पडला आणि भिंतीवर नुसता लाल डाग उठला. दुसरंही तसंच. तिसऱ्याला पंप तुंबला. तो धुवायला मी मागे मोरीत गेले, आणि तेवढ्यात आई आली.

तिची किंकाळी ऐकून मी धावले. खोलीत पाय टाकला आणि बाहेरच्या हवेतून आल्यावर आता मला तो वास आला. टर्पेंटाइननं पंपाच्या पोटातलं जुनं औषध सोडवून बाहेर काढलं होतं. कपाशीवर मारतात त्या औषधाचा वास आमच्याकडे लहान पोरंही ओळखतात. आईला दारातून तो वास आला होता आणि समोर खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेला नवरा दिसला होता.

"घेतलं व माय, यायनं घेतलं!"

चाचा आले, त्यांच्या मागून गल्ली आली. कोणी चादर ओढली, कोणी बाबांना बसतं केलं. आई मिठाचं पाणी घेऊन धावली. चाचांनी जबडा धरला, आईनं गडवा तोंडाला लावला. मी ओरडत होते, रंग आहे, रंगाचा वास आहे. कोणी ऐकलं नाही. बाबांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. शेवटी त्यांनी सगळ्यांना झटकून दिलं.

"मी काई घेतलं नाई!"

 बाबांनी भिजल्या तोंडानं एकेकाकडे पाहिलं. चाचांकडे, आईकडे, मग माझ्याकडे.

"म्हंजे तुमी सारे याचीच वाट पाहून राहिले होते काय?"

 "भाई, माफ करना. वास आला ना," चाचा कसंबसं म्हणाले आणि लोकांना घेऊन बाहेर पडले. आई आत जाऊन चुलीपुढे बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिवंत माणसाला आम्ही मनातल्या मनात कधीच उचलून नेलं होतं, आणि त्याला आज ते कळलं होतं. नसतं किटाळ आणलं आपण बापावर, असं वाटून मी कोपऱ्यात उभी राहिले.

बाबांनी ओल्या सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "जोड कावून नाई ठेवले?"

"कसले जोड?"

"मधल्या गोलाले धरून ठेवाले. चारी बाजूनं कापलं त मधलं पडनारच ना. आकडा कोरताना बी दोन जोड ठेवा लागते. कायचं कापलं हे?"

"तुमच्या छातीच्या फोटोचं."

त्यांच्या नाकातून हवा निघाली. हसले असावेत. त्यांनी ब्लेड मागितलं आणि उरलेल्या फिल्मवर नवीन फूल कापलं. जोड बरोबर जागी ठेवले. "तो पंप पहिले भायेर फेक," म्हणाले. मग चिंधीचा बोळा करून रंगात बुडवला, पिळला आणि गाठीवर मार्का मारावा तसा ठोकत गेले. मी फिल्म धरत होते. एक फूल उठलं, दुसरं उठलं. ते खाटेवरून उतरले, भिंतीला धरून पुढे सरकले. असे आम्ही पेटीपर्यंत आलो. मी फिल्म पेटीच्या पलीकडे धरली.

बाबा थांबले. आत आई काही करत असल्याचा आवाज येत होता.

"पेटी ओढ," ते म्हणाले.

"राहू द्या ना. तिथं कोण पाहते?"

"ओढ म्हनतो ना."

मी ओढली. मागे कोळिष्टकं होती, बोटभर धूळ होती, आणि त्या धुळीत औषधाची एक बाटली उभी होती. बूच पक्कं होतं. बाटलीवर धूळ नव्हती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही. वाकून बाटली उचलली आणि माझ्या हातात दिली. "लांब टाकून ये. तुह्या मायले सांगू नको."

मी ती ओढणीखाली धरून नाल्यापर्यंत गेले, खड्डा केला आणि पुरली. हाताला येत होती ती माती भराभर लोटत होते आणि मोठ्यानं रडत होते. परत आले तर त्यांनी एका हातानं फिल्म धरून तेवढ्या जागेत तीन फुलं उठवली होती. वाकडी होती. पेटी परत लावायला मी वाकले, तर म्हणाले, "तिथं नको."

भाकरी वाढायला आई बाहेर आली तेव्हा पेटी खोलीच्या मध्येच होती. "पेटी कावून हलवली?" तिनं विचारलं.

"फुलं दिसाले पायजे," बाबा म्हणाले.

आईनं भिंतीकडे पाहिलं, बरं म्हणाली. पाण्याचा गडवा त्यांच्या हातात देताना ती जरा जास्तच जवळ वाकली आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. पुढे कित्येक वर्षं ती तसं करत होती. बाबा तोंड फिरवत नसत, ती वास घेईपर्यंत थांबायचे आणि मग पाणी प्यायचे.