लाखोळीचे सात दिवस

झाकण उचलायच्या आधी ती भांड्याजवळ कान नेत असे. डोळे मिटून घडीभर ऐकायची आणि म्हणायची, "बोलून राहिली जी अजून. थांबा." डाळ बोलायची थांबली की भांडं खाली. चमचा घालून पाहणं नाही, दाणा बोटात दाबून पाहणं नाही. तुम्हीही पुष्कळ सुगरणी पाहिल्या असतील. कानाने स्वयंपाक करणारी मी ती एकच पाहिली.

अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या चाळीत तिची खोली आणि आमची खोली, मधे एक कुडाची भिंत. मी मूळचा भातकुलीकडचा. चार बुकं शिकलो, पाचव्याचं तोंड पाहिलं नाही. पण जिनातला कोणता पट्टा कुठे कुरकुरतो ते मला विचारत, आणि मी सांगितलं की ते बरोबर असे. ती आणि तिचा नवरा दूर भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. तिच्या प्रत्येक वाक्याला 'जी' लागे. चाळीतल्या बाया नक्कल करून हसत. ती म्हणे, "हासा जी, हासा. हासल्यानं भूक लागते. मंग माया दारातच यासान."

वयाने माझ्याहून लहान होती, पण मी तिला वयनीच म्हणत आलो. तिच्या नवऱ्याला सारी चाळ पैलवान म्हणे. आखाड्याचा पैलवान नव्हे. रुईची दाबलेली गाठ तिघंजण त्याच्या पाठीवर चढवत, आणि तो एकटा ती घेऊन फळीवरून ट्रकात जाई. फळी खाली वाकायची, हा नाही. टाच टेकवून, एकेक पाऊल असं टाके की वाटावं हा माणूस जमिनीला खिळा ठोकत चालला आहे. ते चालणं मी रोज पाहत होतो. आता वाटतं, बरं झालं पाहून घेतलं.

छपन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो. नाव बदललं म्हणून चाळीतले डोळे लगेच बदलले नाहीत. आमच्या घरचं पाणी पुष्कळांना जड जाई. ही बाई नवी राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात कुडावरून हात आला, हातात वाटी. आमच्या घरची म्हणाली, "अवं वयनी, आमी कोण ते मालूम हाये ना?"

"वाटीले जात नसते जी. घ्या लवकर, हात पोळून राहिला."

रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून आमच्या घरून वाटीत कधी चार मिरच्या, कधी गुळाचा खडा, कधी अंबाडीची भाजी जाई. ती भाजी ती दारात बसून, सगळ्यांच्या देखत खाई. मला उपकार आवडत नाहीत. पण हा उपकार नव्हता. म्हणून या बाईबद्दल कोणी वाकडं बोललं की मी आजही भांडतो.

त्या वाटीत काय असे? लाखोळी. तुमच्यातल्या पुष्कळांना ही डाळ माहीत नसेल. दिसायला तुरीसारखीच पिवळी, दाणा जरा चपटा, कोपऱ्याकोपऱ्याचा. भंडाऱ्याकडे बांधीतलं, म्हणजे बांध घालून पाणी धरलेल्या शेतातलं, धान कापायच्या आत त्याच ओलीवर लाखोळी फेकतात. निंदणं नाही, पाणी नाही, ती आपली येते. पैलवानाचा भाऊ तिकडे शेती पाही, आणि दरसाल यांच्या वाट्याची पोती रेल्वेने पाठवी.

तिची पातोडी तुम्ही खायला पाहिजे होती. लाखोळीचं पीठ, लसूण, तिखट, ओवा. फोडणीच्या पाण्यात पीठ सोडून घाटत बसायची, हात न थांबवता, गोळा कढई सोडेपर्यंत. मग तेल लावलेल्या ताटात थापायची, वर खसखस, किसलेलं खोबरं. सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या आणि वरून लाल रस्सा. पैलवान जेवताना बोलत नसे. ती समोर बसून त्याचं तोंड पाही. त्याने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की तिचं पोट भरे. घरात सोनं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. हेच होतं.

एकदा तिची सासू गावाहून आली. म्हातारीने लाखोळी निवडली, कढत पाण्यात भिजू घातली आणि वर आलेलं सगळं पिवळं पाणी मोरीत ओतून दिलं. ही हळहळली.

"सारी चव मोरीत गेली ना जी आत्याबाई!"

"जाऊ दे. पयलं पानी फेकाचं असते."

"काहून पन?"

"काहून ते मले नाई मालूम. माया सासूनं फेकलं, म्या फेकलं. तू बी फेकत जाय."

म्हातारी गावी गेली आणि फेकणंही गेलं. अकोल्यात पाण्याची बोंब. नळावर घागरींची रांग लागे. आणलेलं पाणी मोरीत ओतायचं, तेही डाळीची चव घेऊन? तिला पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

मग ते कोरडं साल आलं. पाऊस आला तो जिनाचे पत्रे भिजवून गेला. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली. राशनचा गहू मिळे तो किडका, आणि तोही मिळे तेव्हा. चाळीतल्या चुली थंड झाल्या. हिच्या खोलीत मात्र भिंतीशी पोती उभी. बाया म्हणत, "तुमचं बरं हाये बाई, अन्नपूर्णा बसली तुमच्या घरी." ती कोणाला विन्मुख पाठवत नसे, पण खरं म्हणजे त्या साली तिला चढल्यासारखं झालं. दुष्काळात नवऱ्याला रोज नवं खाऊ घालते, ही काही लहान गोष्ट नव्हती. वरण लाखोळीचंच, वडे लाखोळीचेच, आणि आता भाकरही त्याच पिठाची. एक धान्य, पण काल खाल्लेलं आज नाही.

आमच्या घरी वाटीभर येई. पैलवान परातभर खाई.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पैलवानाच्या पोटऱ्यांना गोळे येऊ लागले. सकाळी उठताना पाय लाकडासारखे. वयनी कडू तेल कोमट करून चोळत बसे. भिंतीपलीकडून मला त्याचं कण्हणं ऐकू येई आणि तिचं बोलणं, "वात हाये जी. ताकत कमी पडून राहिली तुमाले." वैद्यानेही वातच सांगितला, म्हणाला गरम खाऊ घाल. तिने पातोडीत लसूण वाढवला. ताटात दोन वड्या जास्त पडू लागल्या.

मी म्हणालो, "वयनी, याले दवाखान्यात दाखवा."

"दाखवू ना जी. आधी पोटात तं जाऊ द्या काही. खाल्ल्याबिगर माणूस उभा राहाते का?"

तो खाई. ताट पुढे करी. तिला धीर येई. आणि त्याच्या टाचा दिवसेंदिवस जमिनीपासून उचलल्या जात होत्या. चवड्यावर चाले, गुडघे एकमेकांवर घासत. पोरं मागे चालून दाखवत. त्याला वाटे बरं होईल. तिला वाटे आणखी खाल्लं की बरं होईल.

एका सकाळी फळीवर, पाठीवर गाठ असताना, त्याचे पाय एकात एक अडकले. गाठ बाजूला पडली म्हणून वाचला. लोक धावले. तो फळीवर बसून आपल्या पायांकडे पाहत होता, कोणा दुसऱ्याचे असावेत तसा. मला म्हणाला, "भाऊ, मी टाक म्हणतो, ते टाकत नाई."

आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. गुडघ्यावर ठोकून पाहिलं, चालवून पाहिलं. मग खुर्ची ओढून वयनीकडे वळले.

"बाई, घरी काय खाता?"

तिला वाटलं डॉक्टर तिच्या स्वयंपाकाची चौकशी करतात. तिने पदर सारखा केला.

"सोमवारी फोडनीचं वरन करते जी साहेब, आंबट-गोड. मंगळवारी पातोडी, ती त्याईले लय आवडते. बुधवारी वडे, कांदा घालून. लाखोळीचा वाळवलेला पाला असते, त्याची भाजी बस्तरवारी. शुक्करवारी चून, पिठल्यावानी, वरून कच्चं तेल. शनिवारी कढीतले गोळे. अन् आयतवारी सुट्टी राहाते, तं भाकरीच्या पिठातच लसून-तिखट घालून धिरडे करते, गरम गरम, हे बसले राहातेत चुलीजवळ..."

डॉक्टर आधी लिहीत होते. वड्यांपाशी त्यांचा हात थांबला.

"हे सगळं लाखोळीचं?"

"हो जी."

"रोज?"

"रोज येगळं करते जी साहेब," ती म्हणाली. "एका दिसाचं दुसऱ्या दिसी नाई."

डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. ही डाळ तोंडी लावण्यापुरती चालते. महिनोन्‌महिने तीच पोटात गेली तर पाय धरते. पुरुषांना जास्त, बायांना कमी. आजपासून बंद करा, म्हणजे वाढणार नाही. पण गेलं ते परत येणार नाही.

ती म्हणाली, "साहेब, अन्न हाये जी ते. अन्न कधी वैरी होते का?"

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली. संध्याकाळी तिच्या उंबऱ्यावर वाट्या येऊन पडल्या, घासून लख्ख केलेल्या, रिकाम्या. समोरची एक बाई नळावर मोठ्याने म्हणाली, "चोचले करू करू नवऱ्याले बसवला माय तिनं." मी तिथेच होतो. म्हणालो, "तुमच्या घरी यंदा चूल कशानं पेटली होती, ते सांगू का?" ती बाई घागर उचलून गेली. आमच्या घरची भ्यायली होती, म्हणाली, "आता तरी वाटी घेऊ नोका." मी म्हणालो, "येईल तितक्या वेळा घेईन." पण वाटी आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

पैलवान आधी एका काठीवर होता, मग दोन काठ्यांवर स्थिरावला. जिनाने त्याला दाराशी बसायचं काम दिलं आणि थोड्या दिवसांनी तेही काढून घेतलं. त्याच्यासाठी ती लोकांची भांडी घासून राशनचा गहू आणू लागली. पोळी, मुगाचं पाणी. मीठसुद्धा नीट नसे. तो खाई. ताट दुसऱ्यांदा पुढे येत नसे.

पण दुपारी, तो दाराशी पेंगत असला की कुडातून मला तोच वास येई. लसूण, ओवा, लाखोळीचं पीठ. पहिल्या दिवशी वाटलं भास असेल. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही आला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिच्या दारात गेलो आणि ओरडलोच, "वयनी, अजून त्याले हेच खाऊ घालता?"

ती चुलीपाशी बसली होती. समोर परात, तिच्यात भाकर आणि चून. एकटी खात होती. चव घेऊन नव्हे. औषध गिळावं तसं घासामागून घास.

"त्याईले नाई जी. मी खाऊन राहिली."

"काहून?"

"पोतं हाये ना अजून. फेकू? अन्न फेकू? का लोकाईले देऊ, त्याईचे पाय जावाले?" तिने आणखी एक तुकडा मोडला. "माया हातानं झालं. मायेच हात, मायंच तोंड. त्याईले झालं तं मले बी होऊ द्या."

मी पोतं उचलून नदीत टाकतो म्हणालो. ती पोत्याला पाठ लावून बसली. बाईमाणसाशी झोंबायचं कसं? पैलवान दारातून सगळं ऐकत होता. तो फक्त म्हणाला, "राहू द्या भाऊ. ते आयकत नाई."

पावसाळा सरला. पोतं खाली खाली जात होतं. मी रोज तिच्या पायांकडे पाही, आणि तीही पाही. नळावरून भरलेल्या दोन घागरी घेऊन येताना मधेच थांबे, एक पाय उचले, टेकवे. पुन्हा उचले. चाळीतल्या बायांना वाटे दमली. मला ठाऊक होतं ती काय तपासते.

पोतं संपलं तेव्हा तिने ते झटकून, घडी करून माझ्या दारात ठेवलं. उभीच राहिली. तिच्या तोंडावर रडं नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊजी, माये पाय काहून जात नाई जी?"

बायांना कमी धरतं हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिनेही ते ऐकलं होतं. तरी ती विचारत होती, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही अशी उभी होती. चाळीत मला सगळे आपले तंटे विचारायला येत. त्या दिवशी मी जिनाच्या भोंग्याचं निमित्त केलं आणि चालू लागलो.

दिवाळीच्या सुमारास ती दोघं गावी निघाली. सामान फार नव्हतंच. एक पेटी, एक गाठोडं, ते तिच्या डोक्यावर. मी पेटी घेतो म्हणालो तर नको म्हणाली. जिनापासून मोठ्या सडकेपर्यंतच्या वाटेवर तेव्हा बोटभर धूळ असे. पैलवान दोन काठ्या पुढे रोवी आणि पाय ओढून घेई, कैचीसारखे एकावर एक. ती एक पाऊल टाके, थांबे, तो येईपर्यंत वाट पाही, मग दुसरं टाके. वळणापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. चाळीतलं कोणी बाहेर आलं नाही. दारं मात्र उघडी होती.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर मी वाटेवर गेलो. धुळीत एका बाजूला काठ्यांची भोकं होती आणि त्यांच्यामधे नुसत्या चवड्यांचे ओरखडे. त्यांना लागून तिची पावलं. पाचही बोटं, तळवा, टाच, सगळं खोल आणि नीट उमटलेलं, वळणापर्यंत, कुठेही एक पाऊल वाकडं नाही.