बिऱ्हाडाचं घर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही. लाज वाटत होती म्हणून? तसंही नाही. खूप वर्षं मला यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला होतो. मूळचा पुण्याचा, नोकरी प्रोग्रामरची. टेक नावाचं सॉफ्टवेअर असतं — पुस्तकाची पानं जुळवणारं. आमच्या मराठी मंडळींत ते मला एकट्याला येत होतं, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो.

शांताकाकू तिथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. अमरावतीकडच्या. शेतमजुरी करत गावोगाव राहिलेल्या, तरी मुलींना शिकवणाऱ्या आपल्या आईवर त्यांनी पुस्तक लिहिलं — 'मायचं बिऱ्हाड'. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात ते प्रकाशित व्हायचं होतं. पानं मी करून देणार होतो.

माझ्याकडचा फुकटातला देवनागरी फॉन्ट संस्कृतसाठी काढलेला. 'बिऱ्हाड'मधला तो मराठी अर्धा र त्यात नव्हताच. त्याऐवजी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार चढायचा — 'बिर्हाड'. काकूंनी पानं पाहिली.

"हे काहून असं झालं रे? माय असं नव्हती बोलत."

इंटरनेटवर चौकशी केली, तर एका अनोळखी माणसाने स्वतः काढलेला फॉन्ट पाठवला — खुला, कुणीही वापरावा असा. मी फाइली सांगितलेल्या जागी टाकल्या. टेकला फॉन्ट सापडेना. पुन्हा टाकल्या — सापडेना. त्या रविवारी पॉटलकला — प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला — काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं आणि मी ठासून म्हणालो, "काकू, कॉम्प्युटरमध्ये ते अक्षर होतच नाही."

मला जमत नाहीये — एवढंच म्हणता आलं नसतं का? आलं असतं.

बाकी मजकुरातले रफार काकूंनी सोसले. पण मायच्या तोंडचे शब्द मोडके छापायचे नव्हते, म्हणून ड्युटीवरून आल्यावर बसून त्यांनी ते बदलले. वऱ्हाडाचं विदर्भ झालं. तऱ्हेची रीत झाली. बिऱ्हाडाचं — घर. आणि 'माय' बदलायला मी सुचवलं. घराशी आई शोभते, म्हणालो. पुस्तकाचं नाव झालं 'आईचं घर'.

पानं छापखान्यात जायच्या आधी, एका सकाळी, माझी चूक मला सापडली. नवा फॉन्ट टाकला की टेकला फाइलींची यादी ताजी करायला सांगावं लागतं. ती कमांड मी दिलीच नव्हती. दिली. स्क्रीनवर 'बिऱ्हाड' उमटलं — अगदी काकू लिहायच्या तसं.

त्याच सकाळी काकू शेवटची पानं बघायला आल्या. बेल वाजली आणि मी मॉनिटर बंद केला.

का? चूक कबूल करावी लागली असती — हे एक. पण तेवढंच असतं तर मी ते केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. खरं हे आहे की मला 'आईचं घर' जास्त आवडलं होतं. माय, बिऱ्हाड — माझ्या पुणेरी नजरेला ते कव्हरवर बरं दिसत नव्हतं. फॉन्ट अडला तेव्हा आत कुठेतरी मला सोयीचंच वाटलं होतं.

पुस्तक निघालं. काकूंनी स्टेजवर माझे आभार मानले. मी हात जोडले.

पुढच्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचा अंक मी त्याच खुल्या फॉन्टमध्ये काढला. काकूंनी तो उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'वऱ्हाड' होतं.

"आता होते का हे?"

"हो काकू. नवीन फॉन्ट आलाय."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग अंक मिटून म्हणाल्या, "बरं झालं बेटा. आता लिहिणाऱ्यांना तरी बदलावं नाही लागणार."

त्यानंतरही त्या बरीच वर्षं ट्रॉयलाच होत्या, माझ्या घरापासून जवळच. भेटत होत्या. मी सांगितलं नाही.