रक्तवाढीच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला दिवस गेले तेव्हा तिच्या नैराश्यावरच्या गोळ्या चालू होत्या. आईला कळू नये म्हणून घरात आम्ही त्यांना ‘रक्तवाढीच्या’ म्हणायचो. नौपाड्यातल्या प्रसूतीच्या डॉक्टरांकडे नाव घालायला गेलो, तेव्हा बायको वजन करायला आत जाताना कानाशी म्हणाली, “अहो, गोळ्यांचं खरं लिहा हं.” फॉर्म माझ्या हातात होता आणि शेजारी बसलेली आई तो वाचत होती. मी लिहिलं, ‘रक्तवाढीच्या.’

मुलगी जन्मली ती हृदयाला छिद्र घेऊन. ऑपरेशन झालं. आता ती छातीवरचा व्रण दाखवत म्हणते, “बाबा, ही माझी चेन!”

“मग खिसा कुठाय गं?” मी विचारतो, आणि ती हसत सुटते.

ती वर्षाची असताना आम्ही एका वकीलबाईंकडे गेलेलो. त्या म्हणाल्या, “गोळ्यांमुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण डॉक्टरांनी माहीत असून धोका समजावला नसेल, तर ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. फॉर्मची प्रत आणा.”

“ह्यांनी सगळं लिहिलंय,” बायको म्हणाली. मी मान डोलावली.

प्रत मिळत नाही, असं मी तिला सांगत राहिलो आणि तक्रारीची मुदत गेली. ती अजून म्हणते, “मीच गोळ्या सोडायला हव्या होत्या.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवतो.

मी तिला एक कबुली देणं लागतो: डॉक्टरांपासून त्या गोळ्या मी लपवल्या.