योग्य म्हणजे किती?

नाना जाऊन सहा आठवडे झाले. त्या सकाळी माझ्या हातून दोन चमचे पेज घेतली, तिसऱ्याला मान हलवली... मी वाटी विसळून येईतो सारं संपलं होतं.

नाना माझे सासरे. सरकारी नोकरीत चिनी शिकलेले. निवृत्तीनंतर बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून, वसईच्या कारखान्यांत येणाऱ्या चिनी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणायचे. मी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी, आणि तीही आगाऊ. एकदा प्लास्टिकचा दाणा सुकवण्याच्या यंत्राचं पुस्तक आलं. त्यात ‘शृ-यी’ हा ‘योग्य तेवढं’ अशा अर्थाचा भारदस्त, कागदोपत्री चिनी शब्द होता. मी कोश बघून ठोकून दिलं, ‘दाणा योग्य वेळ सुकवावा.’ नानांनी चष्म्यावरून पाहिलं. “योग्य म्हणजे किती गं?” मी म्हटलं, “कोशात एवढंच दिलंय.” “मग कोशालाच बसव यंत्रावर!” आणि दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून थेट कारखान्यात नेलं. यंत्रावर जवळच्याच गावचे एक मामा होते. ते म्हणाले, “पावसाळ्यात दाना पानी धरतो. तवा जास्त वेळ ठेवाचा, हाताला बघून.” नाना असे खुलले, की मामांना दोनदा चहा पाजला. परतताना मला म्हणाले, “ज्याचं त्याला विचारल्याशिवाय ‘योग्य’ हा शब्द लिहायचा नाही, कळलं?” मी हो म्हटलं, पण खरं तर तेव्हा मला घरी जाऊन कुकर लावायची घाई होती.

मग नाना आजारी पडले; एकदा इस्पितळातून घरी आणलं, तरी दुखणं वाढतच गेलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दाखल केलं तर थोडे दिवस मिळतील. माझा नवरा जहाजावर, फोन लागेना. नानांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, सुनावलं, “घरी ठेवणं शोभतं का? लोक काय म्हणतील?” शेवटी मी नानांच्या कानाशी वाकले. “नाना, नेऊ का तुम्हाला?” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. “विचारलंस...” म्हणाले, आणि मग, “इथंच बरं आहे गं.”

मी नेलं नाही. आत्याबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. कधी भाजी चिरताना एकदम मनात येतं, नेलं असतं तर आणखी आठ दिवस नाना मिळाले असते... मला ते हवे होते, फार हवे होते.

त्यांची खाट अजून खिडकीशीच आहे. सकाळचं ऊन तोंडावर यायचं, म्हणून पडदा मी त्यांना विचारूनच सारायची. आजही हात पडद्याला लागला की तोंडून निघतंच, “एवढा पुरे का, नाना?” आणि मी तशीच थांबते.