काळ्या शाईखालची ओळ

शालू गेली त्याला आता दीड महिना होईल. सकाळी दूध तापवत होते, तेवढ्यात तिच्या मुलीचा, रश्मीचा फोन आला. "मौसी, मम्मी नहीं रहीं। चाय पीकर कुर्सी पर बैठी थीं, बस..." मी गॅस बंद केला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हिला मरणसुद्धा असं सोपं, एक दिवस अंथरुणाला न खिळता! रडू नंतर आलं, पुष्कळ आलं; पण आधी हेवा आला. साठ वर्षांची सवय मरणाच्या बातमीनं थोडीच सुटते.

ही सवय लागली सातवीत, पासष्ट सालच्या लढाईत. आमचं जूनियर हाईस्कूल मुलींचं होतं आणि अख्ख्या शाळेत मराठी आम्ही दोघीच. आम्ही मूळचे गुरसरायच्या मराठी जहागिरीकडचे, चार पिढ्या झाशीत मुरलेले. माझे बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. शालूचे बाबा फौजेत हवालदार, साताऱ्याकडचे. ते आघाडीवर गेले तशी शालू आणि तिची आई छावणीतून निघून गावातल्या सीपरी बाजारात दोन खोल्या घेऊन राहिल्या.

लढाई सुरू झाली आणि शाळेचा रंगच पालटला. मैदानात खंदक खणले, काचांना काळे कागद चिकटवले, धान्य वाचावं म्हणून सोमवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही असं ठरलं. आम्हा मुलींना ती जत्राच वाटायची, आणि त्या जत्रेत पालखी होती शालूची. रोज प्रार्थना झाली की मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या बड़ी बहनजी, विचारायच्या, "शालिनी, पिताजी की चिट्ठी आई?" आली असली की शालू ओट्यावर चढायची. पत्र मराठी, ती वाचायची हिंदीत. तोफा, धूर, "हम पीछे नहीं हटेंगे"... मग टाळ्या. तिला पहिला बाक, गणित चुकलं तरी छडी माफ. आणि माझे बाबा? सायकलच्या दांडीला डबा लटकावून रोज साडेपाचला घरी हजर! एकदा जेवताना मी विचारलंच, "बाबा, तुम्ही का नाही जात लढाईवर?"

"मी गेलो तर साहेबाच्या फायली कोण सांभाळेल गं?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मला त्यांची लाज वाटली. आज हे लिहायलाही नको वाटतं, पण वाटली होती हे खरं.

एके दिवशी शालूचा घसा पार बसला. पत्र हातात होतं, पण आवाज फुटेना. बड़ी बहनजींची नजर माझ्याकडे वळली. "अरे विमल, तुम भी तो मराठी हो। तुम पढ़ दो।" शालूनं पत्र छातीशी घट्ट धरलं. बहनजींनीच ते तिच्या हातातून सोडवून मला दिलं.

ओट्यावर चढून मी पत्र उघडलं. वर तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे मधे पत्र आलंच नव्हतं. ही शालूबाई जुनंच पत्र नव्यानं वाचत होती. आणि आत तोफा नव्हत्या, धूर नव्हता. आघाडीवरच्या माणसाला तसलं काही लिहायची मुभाच नसते. एक ओळ तर वरच्या साहेबानं काळ्या शाईनं पुरती पुसून टाकली होती. उरलेलं सगळं पत्र शालूच्या डोक्यातल्या उवांबद्दल होतं.

समोर शाळाभर मुली. "शालिनी के सिर में जूएँ हैं" एवढं म्हणायचा अवकाश, की पालखी धाडकन खाली. तिच्या बापाची तीन आठवडे खबर नाही, पोरीचा जीव टांगणीला लागलाय, हे मला कळत होतं. कळूनही मला बरं वाटलं. शालू खालून माझ्याकडे बघत होती. विनवणी वगैरे काही नाही, नुसती बघत होती. मी उवांचं बोलले नाही. पण दया आली म्हणून नव्हे. मला तिच्याहून वरचढ व्हायचं होतं. तिचं खोटं मला जमण्यासारखं होतं, आणि तिच्यापेक्षा चांगलं जमण्यासारखं होतं. मी आवाज चढवून वाचलं, "बेटी, मेरी चिट्ठी न आए तो रोना मत। समझना, तेरे बाबा के हाथ ख़ाली नहीं हैं।"

बड़ी बहनजींनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी ती ओळ प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर होती, खाली नाव शालूच्या बाबांचं.

उतरले तेव्हा शालूनं पत्राची घडी केली आणि बसक्या आवाजात मला विचारलं, "विमे, त्या काळ्या शाईखाली हेच असेल का गं?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं आणि खांदे उडवले. त्यानंतर तिनं पत्र शाळेत कधी आणलं नाही.

फाल्गुनात तिचे बाबा सुट्टीवर आले, धडधाकट. शाळेनं बोलावून त्यांना हार घातला. बड़ी बहनजींनी हात जोडून ती ओळ त्यांनाच म्हणून दाखवली आणि म्हणाल्या, "हवलदार साहब, आपकी यह बात हर बच्ची को याद है।" त्यांनी शांतपणे ऐकलं, शालूकडे पाहिलं, मग का कोण जाणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जी, लिखा होगा।" ओळ माझी आणि हार त्यांच्या गळ्यात! त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

पुढं शालूनं सीपरीतल्याच एका हिंदी बोलणाऱ्या घरात लग्न केलं. आमचं येणंजाणं अखेरपर्यंत टिकलं. तिच्या लोणच्याला कधी बुरशी आली नाही, माझ्या दर साली आली. यावरून ती मला चिडवायची, मी चिडायचे. त्या पत्राचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. आपल्या मुलांना तिनं त्या ओळीवर वाढवलं. कुणाला परीक्षेची भीती वाटली, कुणाची नोकरी गेली, की ती म्हणायची, "तुम्हारे नाना जी ने क्या लिखा था?" मी तिथंच चहा पीत बसलेली असायचे. जिभेवर यायचं, अगं, ही ओळ माझी आहे... आणि चहाबरोबर गिळायचे.

तेराव्याला रश्मीनं ते पत्र आणून माझ्या हातात ठेवलं. घड्यांवर विरलेलं. "मौसी, मराठी पढ़ना हममें से किसी को नहीं आता। नाना जी वाली लाइन इसमें कौन-सी है? मम्मी की फोटो के बगल में फ्रेम करके लगाना है।" सगळं घर भोवती जमलं. पुन्हा तेच पत्र, पुन्हा मी एकटीच वाचणारी. सांगून टाकायला आता शालूचीही आडकाठी नव्हती. आयुष्यभर वाट पाहिलेली संधी ताटात वाढून समोर आली होती.

मी काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ये रही। अफ़सर ने स्याही फेर दी थी, बेटा। पर तेरी मम्मी को मालूम था।"

मग बाकीचं पत्र मात्र मी एक शब्द न बदलता वाचून दाखवलं. उवा ऐकल्यावर रश्मी हसायला लागली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

परवा गेले होते, तर फ्रेम लागलेली होती. त्या घरात हे पान कुणाला वाचता येणार नाही, म्हणून इथं लिहून टाकते, राहवत नाही. ओळ माझी आहे. पण गंमत अशी, की फ्रेमसमोर उभी राहिले तेव्हा माझी नजर काळ्या पट्टीवर ठरलीच नाही. ती गेली खालच्या मजकुराकडे. "चि. शालू, रॉकेल लावू नये, आग होते. सीताफळाच्या बिया वाटून लावणे, पण डोळ्यांवर फडके बांधणे. आईला केस कापू देऊ नकोस. मी आलो की माझ्या हाताने विंचरून देईन."

माझे बाबा रोज साडेपाचला घरी यायचे. मला पत्र लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. त्यांच्या हस्ताक्षरातलं माझं नाव माझ्याजवळ कुठंही नाही.