गरम बूट आणि सलीमचे पाय

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेच्या बर्फात होती. स्की पेट्रोलसाठी, म्हणजे स्कीवरून घालायच्या गस्तीसाठी, गरम बुटांचे दोन जोड ट्रायलला आले. बोटांखाली तापणारी तार, पोटरीशी बॅटरी आणि कमी, मध्यम, फुल असं बटण. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "थंडीची सगळ्यात जास्त कुरकुर कोण करतं? हे दोघं वऱ्हाडी. त्यांनाच द्या."

एक वऱ्हाडी मी, हवालदार, मोर्शीचा. दुसरा नायक सलीम, बाळापूरचा. कंपनीत आम्ही दोघंच तिकडचे. आम्ही आपसात गप्पा मारायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं, भांडण जुंपलं. सलीमची मुलगी रेश्मा वर्षाची होत आली होती. त्याने तिला अजून फक्त मोबाइलवरच पाहिलं होतं. हे पेट्रोल झालं की त्याची सुट्टी मंजूर होती.

हल्ली आमच्या अमरावतीची मंडळीही हौसेने स्कीइंगला जातात आणि असे बूट घेऊ का म्हणून मला विचारतात. जरूर घ्या. पण पाय घालायच्या आधी बूट तापवा. मोजे कोरडे ठेवा. चढताना बटण बंद, कारण चढणीवर अंग आपोआप तापतं. थांबलात की कमीवर लावा. पायाला घाम आला की घात झाला, कारण तोच घाम पुढे बर्फ होतो.

हे सगळं सलीमलाही सांगितलेलं होतं. पण आमच्याकडच्या माणसाला घामाची भीती नसते. मे महिन्यात अकोल्यात एखाद्याचा घाम थांबला तर आम्ही घाबरतो, ऊन लागलं म्हणून कांदा शोधायला धावतो. घाम येतोय म्हणजे माणूस धडधाकट, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं.

पहाटे निघालो. साहेब पुढे, मग सलीम, त्याच्या मागे मी. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून चढत होतो, म्हणजे मागे घसरायला होत नाही. अर्धी चढण झाल्यावर मी विचारलं, "सलीम, बटण कशावर हाय?"

"फुलवर. पायाले घाम येऊन राहिला. मस्त वाटून राहिलं."

"बंद कर."

"काहून? सरकारी बॅटरी हाय हवालदार साहेब. तुमच्या घरची थोडीच हाय."

पण माझा आवाज चढला तसं त्याने बटण बंद केलं. तोवर मोजे भिजले होते.

खिंडीखाली पोचलो आणि रेडिओ वाजला. "पुढच्या उतारावरचा बर्फ सैल आहे. पार करू नका. जागेवर थांबा. ओव्हर."

"थांबतो. ओव्हर," साहेब म्हणाले.

खडकाच्या आडोशाला बसलो. वारा सुटला होता. मी माझे बूट कमीवर लावले. सलीमनेही बटण दाबलं, पण त्याची बॅटरी चढणीवरच संपत आली होती. थोड्या वेळात ती बंद पडली. तो पाय आपटत राहिला. दुपारनंतर त्याने आपटणं थांबवलं.

"पाय कसे हाय?"

"आता बरे हाय. काईच दुखून नाई राहिलं."

बर्फात पाय दुखतो आहे तोवरच तो आपला असतो. मी त्याचे बूट काढले. मोजे पापडासारखे कडक झाले होते आणि बोटं मेणासारखी पांढरी.

"चोळू नका," साहेब म्हणाले. "पोटाला लावा."

मी जॅकेट उघडलं, बनियन वर केलं आणि त्याचे दोन्ही पाय उघड्या पोटावर घेतले. क्षणभर श्वासच अडकला. सलीमची चेष्टा कुठल्या कुठे पळाली होती.

"हवालदार साहेब, बोटं राहतीन ना? पोरीकडे जायचं हाय मले."

"राहतीन. चूप बस," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने त्याने एक सणसणीत शिवी हासडली. "आग होऊन राहिली पायाची."

"शाबास," साहेब म्हणाले. "अजून ओरड."

बोटं लाल होऊ लागली होती. मला रडू आलं. लपवायचं काही कारण नव्हतं, साहेबही नाक पुसत होते. मी त्याला माझे कोरडे मोजे घातले, माझी बॅटरी लावून दिली आणि बटण कमीवर ठेवलं. संध्याकाळी बर्फ घट्ट झाला, परवानगी मिळाली आणि आम्ही उतार पार केला.

पोस्टवरचे डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर बोटं कापावी लागली असती. मेडिकल कॅटेगरी उतरली असती आणि बर्फातली ड्यूटी कायमची बंद." सलीम दहाही बोटांनिशी सुट्टीवर गेला.

पुढच्या हिवाळ्यात तो पूर्ण फिट होता, म्हणून पुन्हा स्की पेट्रोलवर आला. त्याच खिंडीच्या अलीकडे वरून हिमकडा कोसळला. सलीम पुढे वाट पाडत होता. आम्ही फावड्यांनी खणलं, हातांनी खणलं. तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याला घेऊन बाळापूरला मीच गेलो.

पेन्शनवर आल्यापासून मी दरवर्षी तिथे जातो. त्याची बायको नसीम शिवणकाम करते. एक गोष्ट कित्येक वर्षं माझ्या ओठांवर येऊन परत जात होती. गेल्या खेपेला बोलून टाकली.

"भाभी, त्या दिवशी त्याची बोटं गेली असती, तं तो पुन्हा बर्फात गेला नसता. आज घरी असता. म्याच वाचवले त्याचे पाय."

तिने मशीन थांबवली. "माह्या बी मनात आलं होतं ते, भाईजान. खोटं काहून बोलू?" मग कापडावरचा दोरा काढत म्हणाली, "पण त्या सुट्टीत रेश्मा चालाले शिकली. ते तिले आपल्या दोन पायाच्या पंजावर उभी करत आन् साऱ्या अंगणात हिंडवत. तेवढी एकच सुट्टी बाप भेटला तिले. ती तुमी देल्ली."

रेश्मा आता आठवीत आहे. तिला ते अंगणातलं हिंडणं आठवत नाही. नायक सलीमची आठवण काढायला मला फोटो लागत नाही. डोळे मिटले की ते दोन गार पाय माझ्या पोटावर असतात, हळूहळू गरम होत.